मोडी लिपी किती येते, हे स्वतःच कसं तपासाल

मुळाक्षरांचा तक्ता पाठ झाला म्हणजे मोडी आली असं नव्हे. न वाचलेला कागद समोर हवा. पेशवेकालीन पत्राची प्रत घ्या, पण लिप्यंतर शेजारी नको. ते एकदा डोळ्याखालून गेलं की आपण वाचत नाही, आठवत बसतो. दहा ओळी देवनागरीत उतरवा. अडलेला शब्द अंदाजाने भरू नका, जागा मोकळी सोडा. मग जाणकाराकडून तपासून घ्या.

अक्षरं ओळखू येतात, पण शब्द कुठे संपतो ते कळत नाही? मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे ही नवशिक्याची नेहमीची अडचण. त्यापुढची अडचण कालगणनेची. जुन्या कागदांत सन अरबी संख्याशब्दांत लिहीत. ‘सबा सबैन मया व अलफ’ इथे गाडी अडली, तर लिपी आली, दप्तर म्हणजे जुने सरकारी कागद वाचणं अजून नाही. सबा ७, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. म्हणजे शुहूर सन, ही त्या कागदांतली कालगणना, ११७७. त्यात ५९९ मिळवले की १७७६. हा सन मृगाच्या सुमारास बदलतो, म्हणून इसवी सन १७७६-७७. एवढं चटकन जमलं तर मध्यम पातळी धरायला हरकत नाही.

शेवटी लेखनिक बदलून पाहा. एकाच हाताचे कागद सराईतपणे वाचणारे बरेच असतात. शिवकालीन वळणाचा कागद आला की तेच पुन्हा अक्षर-अक्षर लावत बसतात.