कार्बन फोर्कवाल्या सायकलचं हँडल वर-खाली करताय? मग या चुका टाळा

हँडलची उंची बदलणं म्हणजे पाच मिनिटांचं काम, असं सगळेच सांगतात. स्टीलच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या स्टीअररवर (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची फ्रेमच्या आतून वर येणारी नळी) ते बऱ्यापैकी खरंही आहे, तिथे बोल्ट थोडा जास्त आवळला गेला तरी बहुतेक वेळा निभावून जातं. कार्बनवर नाही निभावत. कार्बनची नळी चालवतानाचे धक्के आणि ताण मस्त सहन करते, पण बाहेरून एका जागी गच्च दाबलेलं तिला सोसत नाही, आणि स्टेमचं, म्हणजे हँडल या नळीला जोडणाऱ्या तुकड्याचं, तर कामच ते आहे, नळीला बाहेरून दाबून धरायचं. शिवाय कार्बन तुटताना आधी वाकून इशारा वगैरे देईलच असं नाही, हँडल एकदम हातात येतं आणि पुढचं चाक भलतीकडे जातं. ग्रुपमधल्यांच्या सायकली मी हौसेने खोलत असतो आणि तेच ते प्रकार परत परत बघून आता खरंच काळजी वाटायला लागलीये, म्हणून हे लिहितोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट तपासा. फोर्क कार्बनचा म्हणून विकला असला तरी त्याची स्टीअररची नळी अ‍ॅल्युमिनियमची असू शकते. टॉप कॅप, म्हणजे नळीच्या वरचं झाकण, काढा आणि आत डोकावा. काळीभोर, विणल्यासारखी किंवा थरांची कड दिसली आणि आत एक्सपांडर (आवळला की पसरून नळीत घट्ट बसणारा तुकडा) असेल तर कार्बन. चकचकीत धातू आणि आत स्टार नट (नळीत ठोकून बसवलेला चांदणीसारखा नट) असेल तर तुमचं काम सोपं आहे. टॉप कॅप उघडताना सायकल जमिनीवर उभी ठेवा, स्टँडला टांगून स्टेम काढलं की फोर्क घसरून खाली पडतो.

टॉप कॅपच सगळं धरून ठेवते हा गैरसमज

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. वरचा तो एकटा बोल्ट दिसतो मधोमध, मग लोकांना वाटतं हँडल त्यानेच धरलंय. तसं नाहीये. टॉप कॅपचं काम फक्त एवढंच, की स्टेम, स्पेसर (उंची जुळवायच्या कड्या) आणि हेडसेटचं (फोर्क फ्रेममध्ये ज्यावर फिरतो त्या जोडाचं) बेअरिंग एकमेकांवर नीट दाबून बसवायचे आणि मधली फट घालवायची. फट गेली की पुढे धरायचं काम स्टेमच्या बाजूच्या दोन बोल्टांचं.

होतं काय, की ब्रेक मारल्यावर पुढे टकटक आवाज येतो, कोणीतरी सांगतं हेडसेट लूज आहे, हा माणूस अ‍ॅलन की घेतो आणि टॉप कॅप पिळायला लागतो. बाजूचे बोल्ट तसेच टाईट! आता बाजूचे बोल्ट टाईट असताना स्टेम खाली सरकणारच नाही, त्यामुळे टॉप कॅप कितीही आवळा, फट जात नाही, आणि तो सगळा जोर एक्सपांडरला वर ओढण्यात जातो. एका ओळखीच्याने असं पिळत पिळत एक्सपांडर अर्धा बाहेर आणला होता आणि मला म्हणाला हेडसेट खराब आहे, नवीन मागवू का. हेडसेट ठणठणीत होता. बाजूचे बोल्ट ढिले केले, एक्सपांडर परत बसवून त्याच्यावर लिहिलेल्या आकड्याला आवळला, टॉप कॅप हलकेच फिरवली, टकटक गायब.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी बाजूचे बोल्ट ढिले. मग टॉप कॅप छोट्या अ‍ॅलन कीने, ती सुद्धा दोन बोटांत धरून, थोडी थोडी. पुढचा ब्रेक दाबायचा, दुसऱ्या हाताचं बोट हेडसेटच्या वरच्या कडेवर फ्रेमला टेकवून ठेवायचं आणि सायकल पुढे-मागे हलवायची. बोटाला हालचाल जाणवली तर अजून पाव फेरा. मग पुढचं चाक उचलून बघायचं, हँडल आपोआप एका बाजूला पडलं पाहिजे, अडखळत फिरत असेल तर जास्त आवळलंय. हे जमलं की स्टेम चाकाच्या सरळ रेषेत आणायचं आणि शेवटी बाजूचे बोल्ट, आलटून पालटून, एकदम एकच पूर्ण आवळायचा नाही.

पोकळ जागी स्टेम आवळणं

याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याची चूक ही. कार्बन स्टीअररमध्ये जो एक्सपांडर असतो त्याची दोन कामं असतात. एक म्हणजे टॉप कॅपच्या बोल्टला पकडायला जागा देणं, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरं म्हणजे स्टेम बाहेरून दाबतं तेव्हा नळीला आतून आधार देणं. आधार मिळायचा तर एक्सपांडर नेमका स्टेमच्या मागेच हवा ना. पण एक्सपांडर बसतो नळीच्या वरच्या टोकाला. तुम्ही स्टेम खाली घेतलं, दोन-तीन सेंटीमीटरचे स्पेसर वर टाकले आणि एक्सपांडर आखूड असला, की तो राहतो स्पेसरच्या मागे आणि स्टेम दाबतं खालची पोकळ नळी.

आमच्यातल्या एकाने रेससाठी हँडल खाली घेतलं. घाईत. स्पेसर वर, स्टेम खाली, टॉर्क रेंच (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना) नाही, लांब दांड्याची अ‍ॅलन की. पहिल्याच राईडला हँडल किंचित फिरलं म्हणून त्याने परत आवळलं, मग कडकड आवाज यायला लागला म्हणून अजून आवळलं. महिनाभर तो तसाच चालवत होता आणि आवाज पेडलचा आहे असं धरून चालला होता. माझ्याकडे सायकल आली ती पेडलसाठी. उभं राहून चढ चढताना आवाज हँडलच्या बाजूने येतोय हे ऐकून मी स्टेम काढलं, तर नळीवर स्टेमच्या वरच्या आणि खालच्या कडेच्या बरोबर जागी दोन फिकट आडव्या रेघा. खालच्या रेघेवरून नख फिरवलं तर अडकलं. आत एक्सपांडर कुठे, तर स्टेमच्या सगळा वर. स्टेमच्या मागे काहीच नाही, नुसती पोकळी. त्याला समजावायला खूप वेळ गेला, कारण बाहेरून फोर्क नव्यासारखा दिसत होता. पण नख अडकणारी रेघ म्हणजे फोर्क बाद, त्यावर एपॉक्सी लावून चालवणं वगैरे काही नाही. फोर्क बदलला त्याने. उतारावर जाऊन तुटला असता तर काय झालं असतं हा विचार अजूनही नको वाटतो.

म्हणून स्टेम हलवलं की प्रत्येक वेळी एक्सपांडर कुठे आहे ते बघा. मी एक्सपांडर बाहेर काढून स्टेमच्या शेजारी धरतो, वरचे स्पेसर जमेत धरून, आणि तो स्टेमच्या पूर्ण उंचीला पुरतोय का बघतो. पुरत नसेल तर लांब एक्सपांडर घ्या, नाहीतर स्टेम वरच ठेवा.

टॉर्कचं बोलायचं तर स्टेमच्या बोल्टवर साधारण ५ न्यूटन मीटर लिहिलेलं असतं, कधी ४, कधी ६. स्टेमवर एक आणि फोर्कच्या माहितीपत्रकात दुसरा आकडा असेल तर कमी असेल तो धरा. "माझ्या हाताला अंदाज आहे" असं म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, ४ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने ५ न्यूटन मीटर म्हणजे फारच थोडा जोर असतो, आणि नवीन माणूस घाबरून हमखास त्याच्या पुढे जातो. गाडीच्या चाकाचे नट आवळायचा मोठा टॉर्क रेंचही चालत नाही, इतक्या खाली तो नीट दाखवतच नाही. छोटा, सायकलचाच घ्या. ५ ला आवळूनही स्टेम फिरतंय? मग जोर वाढवू नका, नळी आणि स्टेमची आतली बाजू स्वच्छ पुसा आणि स्टेम आणि फोर्क दोन्हींच्या कंपन्यांची मनाई नसेल तर कार्बन पेस्टचा (पकड वाढवणारी खरखरीत पेस्ट) पातळ थर द्या. ग्रीस लावू नका, स्टेम त्याने सरकतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. कार्बन नळीत स्टार नट ठोकायचा नाही, कधीच नाही, तो आतले धागे कापत जातो. हँडल उंच करायला मिळणारे एक्स्टेंडर कार्बन स्टीअररवर लावायचे नाहीत. स्टेमखाली स्पेसरची थप्पी रचू नका, बऱ्याच कंपन्या ३० ते ४० मिलिमीटरच्या पुढे नको म्हणतात, तुमच्या फोर्कचा आकडा बघून घ्या. नळीचं टोक सगळ्यात वरच्या स्पेसरच्या, किंवा वर स्पेसर नसेल तर स्टेमच्या, २-३ मिलिमीटर खाली राहिलं पाहिजे, नाहीतर टॉप कॅप नळीवरच टेकते आणि फट जातच नाही. मी वर ५ मिलिमीटरचा एक स्पेसर ठेवतो, म्हणजे स्टेमची पूर्ण पकड नळीवर येते. हँडल वर घेतल्यावर ते दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, ब्रेकची केबल किंवा होज ताणली जात असेल तर तसंच चालवू नका, आणि केबल हेडसेटमधून आत जात असतील तर स्पेसरही त्याच कंपनीचे लागतात.

स्पेसरला हात लावायच्या आधी अजून एक उपाय आहे तो लोक विसरतात, स्टेम उलटं करून बघा. ६ अंशांचं, १०० मिलिमीटरचं स्टेम उलटं केलं तर हँडल साधारण २ सेंटीमीटर वर येतं आणि थोडंसं जवळही येतं. बऱ्याच जणांचं पाठीचं दुखणं तेवढ्यावर कमी होतं. तेव्हा हँडल पकडणारी पुढची प्लेटही उघडावी लागते, ती परत लावताना चारही बोल्ट थोडे थोडे, आणि वरची-खालची फट सारखी (काही स्टेमला एका बाजूची फट पूर्ण बंद करायची असते, तसं त्याच्यावर लिहिलेलं असतं).

आणि नळी कापायची घाई करू नका. स्टेम खाली घेतलं की वर राहिलेले स्पेसर डोळ्यांना खुपतात, मग लोक दुसऱ्याच दिवशी ब्लेड काढतात. निदान महिनाभर, लांबच्या राईड धरून, तसंच चालवा, कारण दोन आठवड्यांनी मान दुखायला लागली तर कापलेली नळी परत जोडता येत नाही. कापायचंच ठरलं तर पाईप कटर अजिबात नको, तो नळी चिरडतो. बारीक दातांचं, इंचाला ३२ दात असलेलं हॅक्सॉ ब्लेड, खाचेचा गाईड, कापायच्या जागेभोवती टेप, तोंडावर मास्क, आणि ब्लेडवर अधूनमधून पाणी म्हणजे धूळ उडत नाही. कड बारीक पॉलिश पेपरने बाहेरून आतल्या दिशेला घासायची. मग एक्सपांडर परत आत, स्टेमच्या मागे आलाय ना ते बघून, आणि पहिल्या राईडनंतर दोन्ही बोल्ट टॉर्क रेंचने परत एकदा तपासायचे.