स्टिरिओ मायक्रोस्कोप: किती एक्स ते नंतर, आधी हाताला जागा बघा

स्टिरिओ मायक्रोस्कोप, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघून वस्तू उठावदार दिसते तो, घ्यायचा म्हटलं की लोक आधी विचारतात किती एक्सचा, म्हणजे किती पट मोठं दाखवणारा, पण मी म्हणेन आधी लेन्सखाली जागा किती उरते ते बघा. कारण याच्याखाली हातानं काम करायचं असतं, किड्याचे तोंडाचे अवयव सोडवायचे, फुलाचा अंडाशय चिरून बघायचा, सर्किट बोर्डवरचे बारीक पार्ट सोल्डर करायचे, आणि चिमटा आत शिरलाच नाही तर ४५ एक्स घेऊन करायचं काय? १०० मिलीमीटरच्या आसपास जागा असली की हात मोकळा चालतो. खाली ०.५ एक्सची जादा लेन्स लावली तर जागा बरीच वाढते, मॅग्निफिकेशन मात्र निम्मं होतं. सोल्डरिंगवाल्यांना तर ती हवीच, धूर लेन्सपासून लांब राहतो.

प्रकार मुख्य दोन. ग्रीनो टाइपमध्ये दोन नळ्या एकमेकींकडे कललेल्या असतात, स्वस्त, आटोपशीर, रोजच्या कामाला मस्त. दुसऱ्यात खाली दोन्ही डोळ्यांना मिळून एकच मोठी लेन्स असते, तो महाग पण मध्ये कॅमेरा, लाइट वगैरे जोडणं सोपं जातं. दोन्हीत चित्र सुलटं दिसतं, म्हणून सुई उजवीकडे नेली की उजवीकडेच जाते.

आता सेटिंग, इथे घाई नको. आधी दोन्ही आयपीस (डोळा लावायच्या वरच्या लेन्स) जवळ-लांब करून एकच गोल दिसेपर्यंत आणा. मग झूम फुल करून फोकस नीट लावा, झूम एकदम कमी करा आणि आता फोकसच्या नॉबला हात न लावता एकेक डोळा मिटून आयपीसवरची रिंग फिरवत चित्र स्पष्ट करा. एवढं केलं की झूम कितीही बदला, फोकस सुटत नाही. बऱ्याच जणांचं डोकं दुखतं ते हे न केल्यामुळे, आणि दोष मशीनला देतात.

लाइट एलईडीचाच घ्या, हॅलोजनच्या उष्णतेनं ओला नमुना वाळतो. रिंग लाइटनं सगळं सपाट दिसतं, खोदकाम, केस, खवले बघायचे तर एका बाजूनं तिरका लाइट मारा. आणि मऊ किडा कापायचा असेल तर मेणाच्या बशीत पिनांनी टाचून वर पाणी घाला, आतले अवयव तरंगून आपोआप सुटे होतात.