आधी विरोधक वाचा, फेडरलिस्ट नंतर

एम.ए.ला अमेरिकन राज्यघटना घेतली की बहुतेक जण थेट 'फेडरलिस्ट पेपर्स', म्हणजे १७८७-८८मध्ये त्या घटनेला मंजुरी मिळावी म्हणून लिहिलेले लेख, उघडतात. ८५ लेखांपैकी दहावा आणि एक्कावन्नावा घोकायचा, हॅमिल्टन-मॅडिसन-जे ही लेखकांची नावं लिहायची, की पेपर सुटतो. पण पुढे प्रबंध वगैरे करायचा मनात असेल तर माझं ऐका, उलटीकडून, म्हणजे घटनेच्या विरोधकांपासून, सुरुवात करा.

'ब्रूटस' या टोपणनावाने १८ ऑक्टोबर १७८७ला न्यूयॉर्कमध्ये छापून आलेला एका विरोधकाचा पहिला लेख घ्या. इतक्या अवाढव्य देशात प्रजासत्ताक टिकेल कसं, प्रतिनिधी लोकांना ओळखणार तरी का, आणि केंद्राचे कायदे सर्वोच्च ठरल्यावर राज्यांकडे उरणार काय, असे त्याचे सवाल आहेत. त्यानंतर २२ नोव्हेंबरचा मॅडिसनचा दहावा लेख वाचा. मोठा देश ही अडचण नसून उलट तोच गटबाजीवरचा इलाज आहे, हे त्याचं म्हणणं मग सुविचार वाटत नाही, चालू भांडणातला डाव वाटतो.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट अडते. आपल्या संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ला घटना स्वीकारली आणि काम झालं, ती प्रांतांकडे मंजुरीला गेली नाही. अमेरिकेची घटना लिहिली गेली त्या फिलाडेल्फियात मात्र १७ सप्टेंबर १७८७च्या सह्या म्हणजे नुसती सुरुवात होती. १३ पैकी ९ राज्यांनी खास अधिवेशनं भरवून होकार द्यायचा होता. त्या अधिवेशनांसाठी मतदान करणारेही बहुतेक ठिकाणी मालमत्ताधारक पुरुषच.

म्हणून तारखांचा तक्ता भिंतीवर लावा. डेलावेअर ७ डिसेंबरला, ३० विरुद्ध ०. ९ जानेवारी १७८८पर्यंत पाच राज्यं झाली. हे सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पेनसिल्व्हेनियात अधिवेशन बोलावण्याच्या ठरावाला गणपूर्ती होऊ नये म्हणून विरोधक सभागृहाकडे फिरकलेच नाहीत, तेव्हा जमावाने दोघांना मुक्कामावरून ओढत आणून बसवलं.

मुक्काम करायचा तो मॅसॅच्युसेट्समध्ये. तिथला एमॉस सिंगलटरी हा शाळेचं तोंड न पाहिलेला म्हातारा उठून म्हणतो, हे वकील नि पैसेवाले गोड बोलून आपल्या गळी गोळी उतरवताहेत, उद्या काँग्रेसमध्ये बसले की देवमाशाने योनाला गिळलं तसं आपल्यालाच गिळतील. त्याला उत्तर देतो जोनाथन स्मिथ, तोही नांगरधारीच. शेज्‌च्या बंडाच्या (१७८६-८७चा तिथल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांचा उठाव) हिवाळ्यात सरकार नसलं की काय होतं ते मी पाहिलंय, मला घटना हवी, असं तो सांगतो. 'श्रीमंत घटनेच्या बाजूने, शेतकरी विरोधात' ही गाइडमधली मांडणी या दोन भाषणांपुढे उभी राहत नाही. शेवटी १८७ विरुद्ध १६८. तोही होकार मिळाला तो घटनेबरोबर दुरुस्त्यांची शिफारस जोडल्यावर. हीच तोड पुढच्या राज्यांनी उचलली आणि त्यातून १७९१चं हक्कपत्र (बिल ऑफ राइट्स, पहिल्या दहा घटनादुरुस्त्या) आलं. मॅडिसनला आधी त्याची गरजच वाटत नव्हती, हे विसरू नका.

व्हर्जिनिया वाचताना एक पथ्य पाळा. न्यू हॅम्पशायरने २१ जूनला नववा होकार दिला होता, पण २५ जूनला व्हर्जिनियाच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, ८९ विरुद्ध ७९ असं मतदान झालं तेव्हा ती बातमी तिथे पोचलेली नव्हती. घटनेचा कडवा विरोधक पॅट्रिक हेन्री याच्या गर्जना त्या हिशेबानेच ऐकायच्या. 'आम्ही राज्ये' न लिहिता 'आम्ही लोक' लिहायचा अधिकार कुणी दिला, हा त्याचा सवाल आजही चुकवता येत नाही.

साधनांबद्दल. अधिवेशनांची भाषणं लघुलिपीत उतरवणारे तटस्थ नव्हते. पेनसिल्व्हेनियाच्या थॉमस लॉइडने आपल्या छापील खंडात विरोधकांची भाषणं घेतलीच नाहीत. त्यामुळे अशाच नोंदींतून केलेल्या एलियटच्या भाषणांच्या जुन्या संकलनावर विसंबू नका. विस्कॉन्सिनमध्ये तयार झालेला मंजुरीच्या कागदपत्रांचा प्रचंड संग्रह पाहा. इंटरनेटवर फुकट आहे आणि त्यात वर्तमानपत्रं, पत्रं, पत्रकं सगळं राज्यवार लावलंय. टोपणनावांची यादी सुरुवातीलाच करून ठेवा. 'कोलंबियन पॅट्रियट' या टोपणनावाचं विरोधी पत्रक कितीतरी काळ घटनेवर सही न करणाऱ्या एल्ब्रिज गेरीच्या नावावर खपलं, ते होतं मर्सी ओटिस वॉरन या बाईंचं.

आणि प्रबंधाला विषय शोधत असाल तर न्यूयॉर्क-व्हर्जिनियाची गर्दी सोडा. १७८८मध्ये मंजुरी न देताच उठलेलं नॉर्थ कॅरोलिना घ्या, किंवा १७९०मध्ये ३४ विरुद्ध ३२ने कसंबसं आत आलेलं ऱ्होड आयलंड.