गाडी महिनोन्महिने उभी ठेवताय? टाकी सडवणाऱ्या या चुका टाळा

नोकरी पुण्यात आणि गाडी सोलापुरात, असं आपल्याकडं कितीतरी घरांत आहे. गड्ड्याच्या यात्रेला घरी यावं तर किक मारून मारून पाय दुखतो, आणि टाकीत डोकावलं की तांबडा गंज. मग खापर फुटतं पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर. ते तर आपल्याच उसातनं निघतं! खरा उपद्रव पाण्याचा असतो.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण ५ मिली, म्हणजे चमचाभर पाणी मावतं. २० टक्केवाल्यात थोडं जास्त. त्यापुढं पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात. पत्रा तिथूनच सडतो, आणि टाकीखालच्या कॉकमधून (तोटीतून) कार्बोरेटरला तळातलंच जातं.

हे पाणी हवेतून कमी, झाकणावाटे जास्त शिरतं. बहुतेक टाक्यांना झाकणाभोवतीचं पाणी वाहून जायला बारीक भोक असतं. उन्हाळ्यातल्या धुळीनं ते बुजतं, सप्टेंबरच्या पावसात तिथं पाणी साचतं आणि जुन्या वॉशरमधून आत झिरपतं. भोक मोकळं करा, वॉशर बदला. गाडी धुताना झाकणावर थेट पाइप धरू नका.

‘वरून ताजं पेट्रोल टाकलं की भागतं’ हा सल्ला ऐकू नका. आधी तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. मोकळ्या जागी, आणि बिडी-सिगारेट लांब ठेवून. काही वेळानं आडवी रेघ दिसली तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागेल. रेघ नाही, पण तांबडी पूड आहे? मग गंज आधीचाच आहे.

टाकी धुवायला संडासचं अ‍ॅसिड तर नकोच. गंज जातो, पण अ‍ॅसिड आत राहिलं की पत्रा पुन्हा झपाट्यानं गंजतो.

पेट्रोल जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवू नका. ओलसर इथेनॉल जस्त खातं आणि पांढरी पूड धरते.

गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवा. वर थोडी जागा हवीच, उन्हानं पेट्रोल फुगतं. त्याहून जास्त काळ असेल तर माझं मत रिकामी करण्याकडं. कार्बोरेटरही रिकामा करा, आणि टाकी सुकल्यावर आत इंजिन ऑइल फिरवून घ्या. अर्धी टाकी मात्र ठेवू नका.