इंदूरहून एका दिवसाची गाडीची सहल : बेत परतीपासून आखावा

दिवाळीनंतर इंदूरच्या मराठी घरांत पुण्या-नाशिककडचे पाहुणे येऊ लागतात, आणि त्यांनी बॅगा खाली ठेवल्या की कोणीतरी हमखास म्हणते, ‘मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर एकाच दिवसात करून टाकू, सगळे जवळच तर आहे.’ गेली अनेक वर्षे अशा सहलींची आखणी आणि बहुतेक वेळा गाडी चालवणे माझ्याकडे आहे, आणि या एका वाक्याने जितक्या सहली बिघडवल्या तितक्या खराब रस्त्यांनी बिघडवलेल्या नाहीत. अंतरे पाहिली तर त्यात खोटे काही नाही. ओंकारेश्वर सुमारे ८० किलोमीटर, महेश्वर ९० आणि मांडू १०० च्या आसपास आहे. परंतु सहल किलोमीटरमध्ये होत नाही, उजेडाच्या तासांत होते.

ठिकाण एकच निवडावे

एका दिवसाला एक ठिकाण, हा नियम मी आता कोणासाठीही मोडत नाही. घरात वयस्कर माणसे असतील किंवा निघायलाच दहा वाजणार असतील, तर देवास गाठावे. ३५-४० किलोमीटरवर टेकडीवरच्या तुळजाभवानी आणि चामुंडा या दोन्ही देवींचे दर्शन होते आणि माणूस संध्याकाळच्या चहाला घरी असतो. कुमार गंधर्व १९४८ मध्ये याच गावी येऊन राहिले, हे पाहुण्यांना सांगितले की त्यांना गावाकडे पाहण्याची वेगळी दृष्टी मिळते. उज्जैन सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. मात्र तिथे वेळ रस्त्यात जात नाही, महाकालाच्या रांगेत जातो. श्रावणातील सोमवारी महाकालाची सवारी निघते. त्या दिवशी सवारीच पाहायची असेल तर जावे, एरवी वार बदलावा.

इतिहासाची ओढ असलेल्या पाहुण्यांना मी सनावदच्या पुढे रावेरखेडीला नेतो. थोरल्या बाजीरावांचे २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी जिथे निधन झाले, तिथे त्यांची समाधी आहे. पुण्यात शनिवारवाड्याशेजारी वाढलेल्या माणसांनीही ही जागा सहसा पाहिलेली नसते.

पाहुण्यांना महेश्वरला मे महिन्यात नेऊ नये. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर आहे, आणि महेश्वर खाली निमाडात नर्मदेच्या काठी आहे. तिथला उन्हाळा इंदूरच्या उन्हाळ्याहून बराच कडक असतो आणि दुपारी घाटाच्या दगडी पायऱ्यांवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मात्र महेश्वरसारखे ठिकाण नाही. अहिल्याबाईंनी १७६७ मध्ये राजधानी तिथे नेली. त्यांचा साधा वाडा, त्यांची गादी, खाली उतरणारा घाट आणि हातमागावर विणल्या जाणाऱ्या माहेश्वरी साड्या, एवढ्यात दिवस भरून जातो.

परतीची वेळ : इथेच सगळे चुकते

बहुतेक लोक ‘सकाळी किती वाजता निघायचे’ इथून सुरुवात करतात. मीही वर्षानुवर्षे तसेच करीत असे. त्याचा परिणाम एका डिसेंबरात भोगला. नाशिकहून आलेली सत्तरीची आत्या, भाची आणि आम्ही दोघे, असे चौघे पहाटे निघालो आणि तिन्ही ठिकाणे करायला गेलो. मांडूत दोन तास, महेश्वरला तास-दीड तास घालवून ओंकारेश्वरला पोहोचलो तेव्हा अंधारून आले होते. गाडी लावलेल्या जागेपासून पूल ओलांडून मंदिरापर्यंत चालत जाणे आणि त्यानंतरची रांग आम्ही हिशेबातच धरली नव्हती. परत निघायला साडेआठ झाले. इंदूरच्या वाटेवरील भेरूघाटात मालाने भरलेल्या ट्रकमागे ट्रक लागले होते, समोरून येणाऱ्या दिव्यांनी पुढचे वळण दिसेना, भाचीला उलट्या सुरू झाल्या, आणि आत्या मागच्या सीटवर एक शब्दही न बोलता दरवाजाची कडी घट्ट धरून बसली होती. मध्यरात्रीनंतर घर आले. दुसऱ्या दिवशी मांडूत काय पाहिले असे विचारले तेव्हा आत्याला काहीच आठवेना. त्या दिवसापासून मी सहलीची आखणी उलट्या बाजूने करतो.

अडचणीचे मूळ भूगोलात आहे. महेश्वर आणि ओंकारेश्वर या दोन्ही ठिकाणी जाताना पठारावरून घाट उतरावा लागतो, म्हणजे येताना तोच घाट चढावा लागतो, आणि तोही दिवसभर चालून थकल्यावर, जेवण अंगावर आल्यावर. सकाळी ताजेतवाने असताना जो रस्ता सहज वाटतो, तोच संध्याकाळी वेगळा असतो. म्हणून घाट उजेडात पार झालाच पाहिजे. डिसेंबरात इंदूरकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. हा जवळजवळ दीड तासाचा फरक धरल्याशिवाय केलेले कोणतेही वेळापत्रक निरुपयोगी आहे.

मी जुन्या दिनदर्शिकेचे पाठकोरे पान घेतो आणि पेन्सिलने खालून वर लिहीत जातो. डिसेंबरातील मांडूचे पान असे भरते : सर्वांत खाली ‘सूर्यास्त ५.४५, धार’. मांडू ते धार ३५ किलोमीटर, अरुंद आणि वर्दळीच्या रस्त्यामुळे एक तास, आणि पाव तास हातात राखलेला. म्हणून त्याच्या वर ‘गाडी हलली ४.३०’. आता त्याच्या वरची ओळ सर्वांत महत्त्वाची, ‘चला म्हणायचे ४.००’. ‘चला’ म्हटल्यापासून गाडी प्रत्यक्ष हलेपर्यंत पाच-सहा माणसांच्या घोळक्याला अर्धा तास लागतो. कोणाला स्वच्छतागृह हवे असते, कोणाला चिंचेचा पुडा घ्यायचा असतो, कोणी शेवटचा फोटो काढायला मागे राहिलेले असते. हा अर्धा तास वाया गेलेला नाही, तो सहलीचाच भाग आहे. पण तो कागदावर नसेल तर तो उजेडातून कापला जातो.

त्यावर ठिकाणे येतात. मांडूच्या इमारती तीन गटांत आहेत : जहाज महाल आणि हिंदोळा महालाचा राजवाड्यांचा परिसर, गावातील होशंगशहाची संगमरवरी कबर व जामी मशीद, आणि दक्षिण टोकाला रेवाकुंड, बाजबहादुराचा महाल व रूपमती मंडप. पहिल्याला दोन तास, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला जाण्यायेण्यासकट दीड, जेवणाला एक. साडेपाच तास झाले; म्हणजे मांडूत साडेदहाला पोहोचायला हवे. इंदूर ते मांडू अडीच तास आणि वाटेत पोह्यांसाठी अर्धा तास धरला की गाडी साडेसातला सुटली पाहिजे, आणि सकाळीही तोच अर्ध्या तासाचा नियम लागू असल्याने सगळे सात वाजता तयार हवेत. आता हे पान वरून खाली वाचावे. सातची वेळ घरच्यांना मान्य नसेल तर एक गट वगळावा, सूर्यास्त पुढे ढकलण्याचा विचार करू नये.

‘रूपमती मंडपावरून सूर्यास्त पाहिल्याशिवाय मांडू पुरे होत नाही’ हा सल्ला मुक्काम करणाऱ्यांसाठी ठीक आहे. त्याच दिवशी परतणाऱ्याने तो ऐकू नये. मी रूपमती मंडप सर्वांत आधी करतो. हिवाळ्यातील स्वच्छ हवेत सकाळी अकराच्या सुमारास खाली निमाडात नर्मदेची बारीक चमकती रेघ दिसते; गर्दीही कमी असते आणि पुढचे सारे गट परतीच्या वाटेवर येत जातात.

रस्ता आणि घाट

मांडूला मी पीथमपूर-धार-नालछा मार्गेच जातो. गुजरीकडूनही रस्ता आहे, पण त्यासाठी आधी घाट उतरून पुन्हा चढायचा, हे दिवसाच्या सहलीत नको.

महेश्वरला आग्रा-मुंबई महामार्गाने जाताना मानपूरपुढे गणपती घाटाच्या परिसरात उतरावे लागते. तिथला जुना उतार ट्रकचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी असे सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांचे मुळीच ऐकू नये. ज्या गिअरमध्ये तो चढ चढाल, त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे वेग इंजिनच्या रोधाने आवरतो आणि ब्रेक तापत नाहीत. सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापून पकड सोडतात, तेव्हा पाय कितीही रेटला तरी उपयोग होत नाही. उतारावर भरलेल्या ट्रकच्या अगदी पुढे राहू नये. त्याला आधी जाऊ द्यावे किंवा आपण सुरक्षित अंतर वाढवून पुढे निघून जावे, पण मधल्या जागेत रेंगाळू नये.

ओंकारेश्वरच्या रस्त्यावर गेली काही वर्षे चौपदरीकरणाचे काम चालले असल्याने नकाशा जो वेळ दाखवतो त्यात किमान पाऊण तास वाढवावा. पावसाळ्यात नर्मदेला पूर आला की मोरटक्क्याचा पूल वाहतुकीला बंद करतात. ओंकारेश्वर, सनावद किंवा रावेरखेडीचा बेत असेल तर आदल्या रात्री त्याची चौकशी केलीच पाहिजे. ओंकारेश्वरला दुपारी नैवेद्याच्या वेळी दर्शन काही काळ थांबते, म्हणून एक तर सकाळी लवकर पोहोचावे किंवा आधी अलीकडच्या काठावरचे ममलेश्वर करून घ्यावे. अमावास्या आणि पौर्णिमा टाळाव्यात.

गाडी आदल्या दिवशी तपासून, टाकी भरून ठेवावी.

खाणे

पोहे-जिलबी इंदूरबाहेर पडण्याआधी किंवा वाटेत, पण पोटभर नको. मांडूत दाल-पानिये खावेत : मक्याच्या पिठाचे गोळे पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या आचेवर भाजतात. ते सांगितल्यावर बनवतात, म्हणून ऑर्डर राजवाडे पाहायला जाण्याआधी द्यावी, नाहीतर जेवणाचा एक तास दोन होतो. गाडी चालवणाऱ्याने दाल-बाफले परतीच्या दिवशी खाऊ नयेत. तुपात बुडालेल्या दोन बाफल्यांनंतर धारपर्यंत डोळे उघडे ठेवणे किती कठीण जाते हे मी अनुभवले आहे.

कागद कोणाकडे द्यावा

ते पान चालकाकडे ठेवू नये. त्याच्या शेजारी बसणाऱ्याकडे द्यावे, आणि चार वाजता ‘चला’ म्हणण्याचा अधिकार त्याच माणसाला असावा; यजमान संकोचाने पाहुण्यांना घाई करीत नाही, म्हणून हे काम यजमानाचे नव्हे. आमच्याकडे हे काम आता भाची करते. प्रत्यक्षात लागलेला वेळ ती प्रत्येक ओळीसमोर लिहिते आणि पान गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवून देते. मांडूची अशी चार पाने जमली आहेत, आणि चारही पानांवर ‘चला’ आणि ‘गाडी हलली’ यांच्यात पंचवीस ते पस्तीस मिनिटेच आहेत.