पॉवर सेन्सर लावूनही लेव्हल हलते? या चुका टाळा

सिग्नल जनरेटरच्या स्क्रीनवर ० डीबीएम (म्हणजे १ मिलीवॉट) दिसतंय म्हणून केबलच्या दुसऱ्या टोकालाही तेवढंच पोचतंय असं धरून चालू नका. १८ गिगाहर्ट्झला मीटरभर केबल सहज दीड-दोन डीबी गिळते. म्हणून तर आपण पॉवर मोजणारा सेन्सर लावतो, आणि त्याच्या वाचनावरून स्क्रिप्ट जनरेटरची लेव्हल दुरुस्त करत राहते (हाच लूप, आणि यालाच लेव्हलिंग म्हणतात). पण सेन्सर फक्त स्वतःच्या तोंडापाशी काय आहे तेवढंच सांगतो. डीयूटीपाशी (ज्या उपकरणाची चाचणी करतोय त्याच्यापाशी) तेच असेल याची हमी तो देत नाही, आणि घोळ होतो तो इथेच.

सगळ्यात छुपी चूक स्प्लिटरची, म्हणजे सिग्नल सेन्सर आणि डीयूटी अशा दोन फाट्यांत वाटणाऱ्या डबीची. ड्रॉवरमध्ये दोन डब्या असतात, एकीत दोन रेझिस्टर, दुसरीत तीन. दोन्हींत प्रत्येक फाट्याला ६ डीबी जातात, दिसायलाही जुळ्या. लेव्हलिंगला मात्र दोनवालीच घ्या. लूप सांध्यावरचं व्होल्टेज धरून ठेवतो, त्यामुळे डीयूटीला सोर्स म्हणून दिसतो तो पुढच्या फाट्यातला रेझिस्टर. दोनवालीत तो ५० ओहमचा, तीनवालीत १६.७ चा, म्हणजे व्हीएसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडलीय त्याचं माप, १ म्हणजे चोख) थेट ३! सेन्सरचं रीडिंग ठणठणीत, डीयूटीकडची लेव्हल मात्र फ्रिक्वेन्सीगणिक नाचते.

स्प्लिटर नसेल आणि आधी सेन्सरने मोजून मग तिथेच डीयूटी जोडत असाल, तर मिसमॅच (जुळणी नसल्याने सिग्नल परत फिरणं) विसरू नका. जनरेटरचा व्हीएसडब्ल्यूआर २, डीयूटीचा १.५ असेल तर लेव्हल अर्धा-पाऊण डीबी इकडेतिकडे होऊ शकते. जनरेटरच्या तोंडाशी सिग्नल ६ डीबीने कमी करणारा चांगला अ‍ॅटेन्युएटर लावा (आणि मोजमाप त्याच्या पुढे घ्या), हा फरक ०.१५ डीबीच्या आसपास येतो. जनरेटरकडे तेवढी जादा पॉवर असेल तर यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

सेन्सर झिरो करताना (त्याचं शून्य लावताना) आरएफ, म्हणजे जनरेटरचा सिग्नल, बंद आहे ना, फ्रिक्वेन्सी बदलली की सेन्सरलाही ती कळवलीय ना, हे बघा. नाहीतर कॅल फॅक्टर (त्या फ्रिक्वेन्सीसाठीची सेन्सरची दुरुस्ती) जुनाच लागतो. साधा डायोड सेन्सर मॉड्युलेटेड सिग्नलवर साधारण −२० डीबीएमच्या वर फसवतो. तिथे थर्मल सेन्सर घ्या.

मी एकदा अख्खी दुपार ०.३ डीबीच्या मागे घालवली. एसीला दोष दिला, वॉर्म-अपला दिला, शेवटी नुसत्या बोटांनी आवळलेलं एसएमए (केबलचं कनेक्टर) सापडलं. पितळी एसएमएला साधारण ०.५६ न्यूटन-मीटरचा टॉर्क रेंच असतो, तो वापरायला लाज कसली?

लेव्हल सतत वरखाली शोधत बसली असेल तर लूप घाई करतोय. अ‍ॅव्हरेजिंग पूर्ण व्हायच्या आत स्क्रिप्ट पुढची दुरुस्ती करते. वाचन स्थिरावू द्या, फरकाच्या साठ-सत्तर टक्केच दुरुस्ती करा, आणि ०.०२ डीबीच्या आत आलं की हात काढा.

आणि स्क्रिप्ट चालू करायच्या आधी जनरेटरला कमाल लेव्हलची मर्यादा घाला. सेन्सरची केबल निसटली की लूपला वाटतं पॉवर कमी पडतेय, मग तो वाढवत सुटतो, आणि समोर डीयूटी जोडलेलाच असतो.