छोट्या विमान कंपनीने प्रवास करताना आखणी कशी करावी

मोठ्या विमान कंपनीचे एक विमान बिघडले, तर त्याच्या जागी दुसरे आणता येते; प्रादेशिक कंपनीकडे मात्र विमाने मोजकीच असतात आणि प्रत्येक विमान सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका गावाहून दुसऱ्या गावाला उडत असते. अशा कंपनीचे वेळापत्रक म्हणजे त्या एका विमानाची दिनचर्या असते, हे ध्यानात घेऊन आखणी केली, तर हा प्रवास फार सोयीचा होतो.

गोव्यातील फ्लाय९१ हे आपल्या जवळचे उदाहरण आहे. मनोज चाको आणि हर्षा राघवन यांनी स्थापन केलेल्या या कंपनीने १८ मार्च २०२४ रोजी व्यावसायिक उड्डाणे सुरू केली आणि सिंधुदुर्ग, जळगाव, सोलापूर, लक्षद्वीपमधील अगत्ती अशी ठिकाणे एटीआर ७२-६०० या सुमारे ७० आसनी पंख्याच्या विमानांनी जोडली. नावातील ९१ हा भारताचा दूरध्वनी संकेतांक आहे.

तिकीट काढण्यापूर्वी पहिली चौकशी करावी ती हा मार्ग सध्या सुरू आहे का, याची. गेल्या वर्षी कोणी त्या विमानाने गेले होते, एवढ्यावर विसंबू नये. लहान शहरे विमानाने जोडण्यासाठी असलेल्या केंद्र सरकारच्या उडान योजनेत निवडलेल्या मार्गावर कंपनीला तोटा भरून काढण्यासाठी सरकारी निधी मिळतो, पण तो साधारणपणे तीन वर्षेच, आणि मुदत संपली की अनेक मार्गांचे गणित जुळत नाही. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेच्या पहिल्या उड्डाणांमध्ये नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता. तो चालवणाऱ्या ट्रूजेट या कंपनीची सेवा फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाच्या उद्घाटनाबरोबर सुरू झालेली अलायन्स एअरची मुंबई–सिंधुदुर्ग सेवाही मुदत संपल्यावर बंद झाली. कोकणातल्या माणसाला मुंबई गाठण्यासाठी तिचे मोल किती होते, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच लग्नकार्यासारख्या न टळणाऱ्या प्रसंगासाठी जाताना रेल्वेचे आरक्षणही हाताशी ठेवावे.

मार्ग उडान योजनेतील असेल, तर तिकीट लवकर काढण्यात खरा फायदा आहे, कारण सवलतीच्या मर्यादित दराची आसने साधारण निम्मीच असतात आणि उरलेली बाजारभावाने विकली जातात. गोव्यासाठी तिकीट काढताना विमानतळाचा संकेतांकही वाचावा : जीओएक्स म्हणजे मोपा आणि जीओआय म्हणजे दाबोळी. एक उत्तरेकडे पेडण्याला आहे आणि दुसरा वास्कोजवळ. चुकीच्या विमानतळावर पोहोचलात, तर विमान हमखास चुकेल.

उड्डाणाची वेळ निवडताना शक्य तो सकाळची घ्यावी. पहिल्या फेरीला झालेला अर्ध्या तासाचा उशीर पुढच्या प्रत्येक फेरीत वाढत जातो, आणि लहान विमानतळांचे कामकाज ठरावीक वेळेतच चालत असल्यामुळे संध्याकाळचे विमान फार उशिरा निघाले, तर ते रद्दच होऊ शकते. पावसाळ्यात चिपीसारख्या पठारावर ढग खाली उतरले की धावपट्टी दिसेनाशी होते. तेव्हा वैमानिक उतरण्याचे टाळतो, आणि त्याचे ते करणे योग्यच असते. पुढचे विमान दुसऱ्या कंपनीचे आणि वेगळ्या तिकिटाचे असेल, तर मध्ये किमान चार-पाच तास ठेवावेत. पावसाळ्यात एक रात्रच ठेवावी. तिकिटे वेगळी असल्यामुळे सामान स्वतः उतरवून पुन्हा जमा करावे लागते आणि चुकलेल्या विमानाची भरपाई कोणी देत नाही.

एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात, कारण पुढे, वैमानिकांच्या मागेच, सामानाचा कप्पा असतो. सगळे एकदम मागच्या बाजूने चढत असताना विमानाचे नाक वर उचलले जाऊ नये, यासाठी शेपटीखाली एक टेकू लावलेला असतो. काही वेळा उजव्या बाजूचा पंखा स्थिर असूनही इंजिनाचा घरघराट ऐकू येतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. जमिनीवर वीज आणि हवा पुरवण्यासाठी तो पंखा ब्रेकने रोखून इंजिन चालू ठेवलेले असते. डोक्यावरचे कप्पे लहान असल्यामुळे चाकांची कडक बॅग नेण्यापेक्षा मऊ पिशवी न्यावी. पंख्यांचा आवाज पुढच्या भागात जास्त येतो, तेव्हा मागची आसने मागावीत. उतरतानाही ती सोयीची पडतात. विमानाचा तोल साधण्यासाठी कर्मचाऱ्यांनी जागा बदलायला सांगितली, तर ती विनातक्रार बदलावी.

तिकीट काढताना स्वतःचाच मोबाइल क्रमांक द्यावा. उड्डाण रद्द झाल्याची सूचना वेळेत मिळाली नाही, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार पर्यायी उड्डाण किंवा परताव्याखेरीज भरपाईही मिळते. एका तासापर्यंतच्या उड्डाणासाठी ती ५,००० रुपये किंवा मूळ भाडे व इंधन अधिभार यांची बेरीज, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी असते. मात्र संपर्काचा तपशील नीट दिलेला नसेल, तर हा हक्क जातो. खराब हवामानामुळे रद्द झालेल्या उड्डाणाला ही भरपाई लागू नाही. म्हणून उड्डाण रद्द झाल्याचे कारण कंपनीच्या खिडकीवरून लेखी मागून घ्यावे आणि कंपनीने दाद दिली नाही, तर ते कारण व तिकीट जोडून सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवावी.